लाल पट्टी स्टँडला

जबाब देणार : व्हॅनताई (खरं नाव फिर्यादीत आहेच, त्या नावाने मला कोणी हाक मारत नाही), वय ४६, धंदा शाळेची व्हॅन चालवणे, राहणार शाळेमागची गल्ली, पाण्याच्या टाकीसमोर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, आई आणि धाकटा भाऊ असे राहतो. भावाला घरात छोट्या म्हणतात. अडतीस वर्षांचा घोडा झाला तरी छोट्याच. तो घरांना रंग देतो. हॉस्पिटलच्या मॅनेजरने माझ्यावर फिर्याद दिली आहे की मी वॉर्डात धिंगाणा घातला, सिस्टरला ढकललं आणि सलाईनची बाटली फोडली. बाटली फुटली हे खरं. बाकीचं मी सांगते तसं लिहा.

छोट्याने पोटदुखी गॅसची समजून अंगावर काढली. हॉस्पिटलात नेला तोवर अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. भरती करताना डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की ऑपरेशनने पू निघाला तरी शिरेतून अँटिबायोटिक काही दिवस द्यावंच लागेल, त्यात खंड पडला तर जिवावर बेतेल. कुठलं औषध चालत नाही का, हेही विचारलं. मी सांगितलं, पेनिसिलिन. लहानपणी घशासाठी सुई दिली तर अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला, मरता मरता वाचला. बाईंनी ते लिहून घेतलं, त्याच्या मनगटाला लाल पट्टी बांधली आणि दुसऱ्या जातीचं औषध ठरवलं. त्या बाईंबद्दल माझी तक्रार नाही. हे वाक्य गाळू नका.

ऑपरेशननंतर वॉर्डात आणल्यावर त्याच मनगटात सुई लावायची म्हणून सिस्टरने पट्टी कापली आणि सलाईनच्या स्टँडला बांधली. मी विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे असंच करतात, पट्टी लांबून दिसते. त्या वॉर्डातले स्टँड भिंतीला साखळीने बांधलेले आहेत, कारण दुसऱ्या वॉर्डातले लोक पळवतात. माणूस हलतो, स्टँड हलत नाही. एवढी साधी गोष्ट तिथे कोणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही आली नाही.

छोट्या दाराजवळच्या बेडवर होता. खिडकीजवळ भांडीवाले काका होते, त्यांचं आतडं फुटून ऑपरेशन झालेलं. छोट्याला ऑक्सिजन लागेल आणि नळी खिडकीपाशीच चालू आहे, म्हणून काल रात्री दोघांची अदलाबदल केली. काका जाता जाता म्हणाले, खिडकीचं भाडं घेईन हो तुझ्याकडून. छोट्या हसला आणि टाके दुखले म्हणून मलाच शिव्या घातल्या.

आज सकाळी सिस्टर खिडकीच्या बेडची बाटली घेऊन आल्या. तिथे औषध माणसाला नाही, बेडला देतात. मी विचारलं, हे त्याचंच ना? त्यांनी छोट्याकडे पाहिलंसुद्धा नाही, स्टँडकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पट्टी नाहीये ना? मग झालं."

थोड्याच वेळात छोट्या मान खाजवू लागला. मग छातीवर गांधी उठल्या, ओठ सुजले. मी हाका मारल्या. सिस्टर म्हणाल्या, नव्या औषधाने होतं असं थोडं. तोवर त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तेव्हा मी सुई उपसून काढली. त्या माझा हात धरत होत्या, तो मी झटकला. त्याला ढकलणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. नळीला हिसका बसून बाटली खाली पडली.

डॉक्टरीणबाई धावत आल्या, त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं, म्हणून आज मी जबाब देते आहे, नाहीतर दुसरंच काहीतरी करत असते. नंतर त्या मला म्हणाल्या, ताई, नळीचं चाक बंद करायचं, सुई काढायची नाही, पुढचं औषध त्याच सुईतून जातं. ही माझी चूक मला मान्य आहे. छोट्या आता अतिदक्षता विभागात आहे, श्वास घेतो आहे, दुसरं औषध सुरू आहे.

मॅनेजर म्हणतो, स्टँडवरची पट्टी नातेवाईकांनीच काढली असणार. चोराच्या उलट्या बोंबा. माफी लिहून दे, फिर्याद मागे घेतो, असंही म्हणाला. मी नाही म्हटलं. तुमच्या जीपमध्ये बसले ती त्यामुळेच.

आता जे सांगते ते तुम्ही इथे येताना ऐकून घेतलं नाही. मला वॉर्डातून बाहेर काढत होते तेव्हा दाराजवळच्या बेडवर काका तापाने कुडकुडत होते. त्यांच्या डोक्याशी छोट्याचा जुना स्टँड, त्यावर लाल पट्टी. काकू सांगत होत्या, काल रात्रीपासून बाटली लावली नाही, सिस्टर यांना औषध चालत नाही म्हणतात, मोठे डॉक्टर आले की विचारू म्हणतात. काकांना सगळं चालतं हो. त्यांचंच पेनिसिलिन माझ्या भावाला दिलं. हे मी ओरडून सांगितलं तर रखवालदाराने दंड धरून मला जिन्यापर्यंत ओढलं. हवालदारसाहेब म्हणतात, स्वतःपुरतं बोला, दुसऱ्याच्या पेशंटचं इथे काही नाही.

वरचा मजकूर मोठ्याने वाचून घेतला, माझ्या बोलण्याबरहुकूम आहे, सही करते. मॅनेजरला माफी हवी असेल तर याच कागदाखाली लिहा, त्या सिस्टरची वेगळी लिहा, दोन्हींवर अंगठासुद्धा देते. पण आधी तो फोन उचला, डॉक्टरीणबाईंना मागा आणि काकांच्या स्टँडवरची ती पट्टी काढायला सांगा.