ओटीपी आणि पडलेलं जांभूळ

तुम्ही ओटीपीला नावं ठेवता ना, मग माझं ऐका. मी नोकरीला आयर्लंडमध्ये, पण म्युच्युअल फंड भारतातले, म्हणून आयकराचं रिटर्न इकडेच भरायचं. त्याचा ओटीपी येतो माझ्या जुन्या सिमवर, आणि ते सिम आमच्या गावी पासलीला, आबांच्या मोबाईलमध्ये. रिटर्नचा शेवटचा दिवस. मी तिकडच्या नव्या नंबरवरून फोन लावला.

"आबा, ओटीपी आलाय, तेवढा आकडा सांगा."

"न्हाई. कुणाला सांगू नका, असं लिवलंय."

"अहो, मी वैशू! तुमची लेक!"

"आजकाल आवाज बी नकली काढत्यात. सांग, आपल्या भातखाचराच्या बांधावर कसलं झाड हाय?"

"जांभूळ!"

"ते पडून वरीस झालं."

"पडलं?" मी ओरडलेच. "मला कुणी बोललंच नाही!"

आबा हसायला लागले. "घे, लिवून घे आकडा. चोरटा असता तर गावात चौकशी करून आला असता. दोन वरसं घराकडं न फिरकलेली, ती माझीच लेक."

रिटर्न भरलं आणि तिथंच बसून विमानाचं तिकीट काढलं. आबांना सांगितलं, तर म्हणाले, "ये, ये. खोडाला फुटवा आलाय, बघून जा. पण मग पुढल्या साली मला दुसरा सवाल काढावा लागंल."