मथाबाईचा नेम

मंडळी, काल्याच्या कीर्तनाला बसलात, बाहेर पंगतीची तयारी झाली आहे, तुमचं लक्ष तिकडे — ठाऊक आहे मला! तरी एक विचारते. पुण्य करायला गेलेल्या हातून जीव जातो का हो? आत्ताच माना हलवू नका. आधी ऐका!

माणदेशात एका माळाच्या कडेला मथाबाई राहायची. तिचा नेम होता — सकाळी चंडोल गायला की मगच तोंडात घास. मातीच्या रंगाचं पाखरू ते, डोक्यावर शेंडी, घरटं गवताच्या बुडाशी, भुईवरच! पण गायचं झालं की सरळ आभाळात चढणार. आपले उपवास म्हणजे खिचडी, वर शेंगदाण्याचा लाडू! हिचा नेम मात्र पाखराच्या गळ्यावर टांगलेला.

ती नवी नवरी होती, तेव्हा चूल पेटायच्या आत माळभर गाणं असायचं. मग वर्षांमागून वर्षं कुठे बांध सरकले, कुठे गवत पेटवलं. गाणं विरळ झालं. मथाबाईची न्याहारी दुपारवर गेली. शेवटी एकच चंडोल उरला.

आणि गावाला पुण्य सुचलं! देवीचा माळ ओसाड दिसतो, झाडं लावू. तिचा लेक हरिबा सगळ्यांत पुढे. ट्रॅक्टर घातला, गवत उलथलं, रोपं लावली, पेढे वाटले! झाड लावणं वाईट का? नाही हो. पण गवताला ओसाड कोण म्हणालं?

दुसऱ्या सकाळी माळ गप्प. भाकरी झाकलेलीच. असे दिवस जात राहिले, म्हातारीला बसवेना.

मग हरिबानं काय करावं? बांधाआड लपून शीळ घातली — हुबेहूब चंडोल! आणि धावत आला. "आई, गायला की गं! खा आता."

तिनं त्याच्या केसांतली काडी काढली. "ग्वाड गातूस रं. पर लेकरा, त्यो वरनं गायचा. ह्ये भुईवरनं आलं."

हरिबा तिच्या पायांवर कोसळला. "मीच नांगर घातला, आई! घरटं दिसलंच न्हाई मला!"

"मग आता येक तुकडा तरी गवताला सोड," एवढंच ती म्हणाली.

त्यानं सोडला. मथाबाई ते गवत उगवायच्या आत गेली. आता नेम हरिबाचा आहे. गवत गुडघ्याला लागतं, रोज सकाळी भाकरी झाकून तो ऊन चढेपर्यंत वर बघत बसतो. चंडोल अजून आलेला नाही.

गजर नको आज. टाळ खाली ठेवा. मंडपामागे आपल्याही गावाचा माळ आहे ना, ज्याला आपण पडीक म्हणतो? पंगतीला बसण्याआधी जरा तिकडे कान द्या.

आलं का कुणाला काही ऐकू?