लघवीवाली बाई

(नागपूरच्या सायत्राबाईंनी बोलता बोलता सांगितलेलं. शब्द त्यांचे, लिहून काढणं तेवढं माझं.)

माहं माहेर कळमेश्वरकडचं. लहानसं खेडं. आता तिकडे कारखाने झाले म्हनते, आमच्या वक्ती नुसती वावरं होती, अन् तीबी दुसऱ्याची, आमी त्यात राबत होतो. दीक्षेच्या साली माहा बाप आमाले साऱ्याइले घेऊन पायीच नागपूरले आला होता, पांढरे कपडे घालून, मी तवा लुगडं नेसाले लागली होती, एवढं आठवते. गर्दी एवढी का मायचा पदर सोडला नाई मी. मंग त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लग्न झालं अन् मी नागपूरचीच झाली.

घरवाला लकडगंजात आरामशीनीवर होता. श्रावण त्याचं नाव. लाकडाचे ओंडके मशीनीवर चढवाचे, फाळ्या उतरवाच्या, दिवसभर तेच. आंगात ताकद होती लय. दोन लेकरं झाली, बरं चाललं होतं, अन् मंग तो वाळाले लागला. पानी पे पे पे, घागर पुरे ना, रात्री उठ उठ उठ. आमी म्हनलं भुसा पोटात जाते, गरमी झाली. कोनाले मालूम होतं साखरेची बिमारी काय असते? ते शेठ लोकाइले होते, आमाले साखर चहापुरती भेटे ना, आमाले कुठून होनार, असंच सारे म्हनत. एक दिवस घरी आला, मी पाहते तं पायात खिळा घुसलेला अन् हा तसाच चालून राहिला. मी म्हनलं, काहून जी, दुखत नाई का? तो म्हने, कुठं काय? त्याले समजलंच नाई. जखम चिघळली, अंगठा काळा पडला, मंग मोठ्या दवाखान्यात पाय कापला गुडघ्यापासून, अन् तरीबी तो काही वाचला नाई.

त्याच वार्डात एक डॉक्टरीनबाई होती. मी तिले विचारलं, बाई, हे आधी कळलं असतं तं? ती काही गोड बोलली नाई. म्हने, नुसती लघवी तपासली असती तरी कळलं असतं. मी म्हनलं, बस? एवढंच? म्हने, एवढंच. काय सांगू तुमाले, मानूस गेल्याचं दुख तं होतंच, पन ते एवढंच जे ती म्हनली ना, ते मले झोपू देत नव्हतं.

तेराव्यानंतर, आमच्यात तेरावं करत नाई आता, म्हंजे तेवढे दिवस झाल्यावर म्हना, ती डॉक्टरीनबाई घर विचारत विचारत वस्तीत आली. म्हने, आमी चार जनी मिळून एक मंडळ काढून राहिलो, मधुमेहाचं, लोकाइले बिमारीच्या आधी सांगाले. पन आमी वस्तीत गेलो का बाया दार लावून घेते, तुमी येता का संगं? मी म्हनलं, येते. शिकली नव्हती मी काही, सही तेवढी येत होती. तिनंच शिकवलं. काचेची नळी, तिच्यात निळी दवाई, तिच्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. उकळली का पाहाचं. निळीच राहिली तं साखर नाई. हिरवी, पिवळी झाली तं हाये. विटेसारखी लाल झाली तं लय हाये.

सकाळी सकाळी मी अन् बाई बुद्धविहाराच्या ओट्यावर बसत होतो. लोकं हसत. पोट्टे मागं लागत, लघवीवाली बाई आली, लघवीवाली बाई आली. तेच नाव पडलं मंग. माहा सासरा तं बोलेच ना माह्यासंगं, म्हने आपन हे घानीचे कामं सोडाले धर्म बदलला अन् ही पुन्हा तेच करून राहिली. मी म्हनलं, मामाजी, हे कोनी कराले लावलं नाई मले, मी माह्या मनानं करून राहिली, तेवढा फरक हाये. ते उठून गेले. पन दुसऱ्या हप्त्यात स्वतःच बाटली घेऊन लायनीत उभे. बाटल्याबी कशा कशा आनत लोकं! कोनी अत्तराची, कोनी कपात, अन् एक बुढा तं घरातल्या साऱ्याइची एकाच बाटलीत घेऊन आला. मी म्हनलं, बाबा, हे काय? तो म्हने, बाटली एकच होती वं. डॉक्टरीनबाई हसून हसून रडाले लागली.

पन मले सांगाचं होतं ते सुजाताचं. आमच्याच लायनीत कमल राहे, बिड्या वळे, तिची पोट्टी ते सुजाता. चौथीत होती. चुणचुणीत. मी बाहेरगावी गेली होती भाचीच्या लग्नाले, आली तं पोट्टी सुकून काडी झालेली. कमल म्हने, बाई, नुसतं पानी पेते अन् अंथरूण ओलं करते, एवढी मोठी झाली अन्. कमलची सासू म्हने, बाहेरचं लागलं, उद्या भगताकडे नेतो, कोंबडं सांगतलं त्यानं. मी जवळ गेली, पोट्टी पडून होती, भराभर श्वास घेत होती अन् तोंडाले पिकल्या फळासारखा वास. मी घरून सामान आनलं अन् पोट्टीची लघवी घेऊन तिथंच चुलीपाशी नळी उकळली. लाल. मी आतापर्यंत बुढ्याबाढ्याइची लाल पाहिली होती, लेकराची पहिल्यानंच पाहिली.

मी म्हनलं, कमल, ऊठ, दवाखान्यात चाल. बुढी दारात बसली आडवी. म्हने, तुह्या घरवाल्याले दवाखान्यातच मारलं ना वं, आता माही नात नेतं का? सारी लाईन जमा झाली होती. मले लागलं ते, नाई कशाले म्हनू. मी म्हनलं, हो, तो तिथंच मेला, उशिरा नेला म्हनून मेला. तुमी कोंबडं द्या, मी नाई म्हनत नाई, पन पोट्टी पहिले दवाखान्यात जाईन, तुमी मागून भगताकडे जा. बुढी काही हालली नाई. मंग कमलनंच, ते कधी सासूपुढे मान वर करे ना, तिनं पोट्टीले उचललं अन् सासूले ओलांडून निघाली. रिक्षात मी पोट्टीचं डोकं मांडीवर घेतलं, हाका मारत राहिली, सुजा, सुजा, अन् ती मधीच हुं म्हने, मधीच काही म्हने ना.

वाचली. दोन दिवस डोळे उघडले नाई, मंग उघडले अन् पहिले काय म्हने तं, पानी. डॉक्टरीनबाईनं कमलले सांगतलं का आता रोज सुई, जन्मभर. कमल म्हने, मी माह्या हातानं लेकराले कशी टोचू? बाईनं तिले संत्र्यावर टोचाले लावलं. संत्रं टोचून टोचून कमलचा हात बसला. सुई पान्यात उकळाची, दवाईची शिशी ओल्या रेतीच्या मडक्यात ठेवाची, आमच्याइकडे फ्रीज कोनाकडे होता? बुढीच मंग त्या रेतीवर रोज पानी शिंपडे.

मंग शाळेचं झालं. हेडमास्तर म्हने, पोट्टीले घरी ठेवा. मी अन् डॉक्टरीनबाई गेलो भेटाले. बाईनं समजावून सांगतलं का ही बिमारी लागत नाई एकाची दुसऱ्याले. तो म्हने, ते मले समजते हो, मी काही वाईट मानूस नाई. पन सुई घेतल्यावर कधी साखर लय उतरून चक्कर येते म्हनता, वर्गात पडली अन् काही झालं तं मी काय करू? खोटं बोलत नव्हता तो, भेला होता. मी म्हनलं, गुरुजी, मी बसते इथी. तो म्हने, कुठं? मी म्हनलं, ह्या वरांड्यात. तिले चक्कर आली तं मी पाहीन, तुमाले काही कराचं काम नाई.

अन् बसली मी. सकाळी वस्तीत तपासनी, मंग शाळा भरली का पदरात साखरेची पुडी बांधून वरांड्यात. माही पोट्टी मोठी झाली होती, तिनं घर सांभाळलं. चपराशाले वाटे ही कोन बाई बसून राहते, मास्तरनीले अडचण वाटे. हळूहळू मधल्या सुट्टीत पोट्ट्या माह्याजवळ बसाले लागल्या, मास्तरनी विचाराले लागली का चक्कर येते तं कसं समजते. मी सांगे, घाम फुटते, हात थरथरते, उगाचच चिडते, तवा वाट नाई पाहाची, साखर द्याची. पावसाळा गेला, थंडी आली. अन् एक दिवस आतून आवाज आला, मी उठली अन् दारात जाते तं मास्तरनीनं सुजाताले मांडीवर घेतलं होतं अन् साखरपानी पाजून राहिली होती. टेबलाच्या खान्यात साखर ठेवली होती तिनं, मले सांगतलंबी नव्हतं. पोट्टीनं डोळे उघडले. हेडमास्तर धावत आला, पाहिलं त्यानं सारं, मंग माह्याकडे पाहून म्हने, सायत्राबाई, उद्यापासून तुमी आपलं काम पाहा, इथलं आमी पाहून घेतो.

त्यानंतर मंडळ शाळेशाळेत जाऊन मास्तर लोकाइले सांगाले लागलं. महापालिकेच्या दवाखान्यात सुईची दवाई ठेवा म्हनून किती अर्ज केले, किती वेळा तिथल्या सायबाच्या दारात बसलो, तवा कुठं ठेवली. मधी मधी संपते अजूनबी, मंग पुन्हा जाऊन बसाचं.

सुजाता म्याट्रिक झाली. आता मंडळाचंच काम करते, लहान लेकरांच्या मायाइले सुई शिकवते. पाहुणे आले पाहाले तं चहाच्या आधीच सांगे, मी रोज सुई घेते. बरेच उठून गेले. एक कामठीचा पोट्टा बसून राहिला, म्हने, कशी घेता, मले दाखवता का? त्यालेच देली. दिवस गेले तवा डॉक्टरनं लय भेवाडलं होतं आमाले, दवाखान्यातच ठेवली होती शेवटी शेवटी. यंदा संक्रांतीच्या आगं-मागं पोट्टी झाली. चांगली गुबगुबीत. नर्सनं जल्मल्या जल्मल्या तिच्या टाचेतून रगत काढून पाहिलं, सारं बरोबर.

मी आता जात नाई फिराले, डोळ्याले कमी दिसते, रंग समजत नाई. मलेबी साखर निघाली मागच्या साली, गोळ्या चालू हाये, चालाचंच. काल कमल आली होती नातीले घेऊन. शेजारची विचारे, हिलेबी होईन का वं ते बिमारी? कमल माह्याकडे पाहे. मी म्हनलं, कोन सांगू शकते? होऊ नये, नाई झाली तं चांगलंच हाये. अन् झाली, तं तिच्या मायले सारं येते.