भार्गवीचा दरसाल नवा खुनी

नाही शैजा, स्कॅनर बिघडलेला नाही — तू दुरुस्तीला आलीस खरी, पण आधी चहा घे, ही केळ्याची पळंपोरी गरम आहे तोवर खा. आमचे सेक्रेटरी सुकुमारन मास्तर नऊ दिवस त्याला थापट्या मारतायत, वायर काढतायत, परत घालतायत, आणि कॉम्प्युटर म्हणतो, स्कॅनर सापडत नाही. सापडेल कसा? कॉम्प्युटर हाक मारतो, कुणी आहे का — स्कॅनर बिचारा पलीकडच्या खोलीतनं ओ देतो, आणि कॉम्प्युटरातली ती राखणदार फायरवॉल त्याची ओ दारातनंच परत पाठवते. मला कसं ठाऊक? अगं, या कॉम्प्युटरात लिनक्स घालायला जो माणूस आला होता, त्यानंच दाखवलं — हे बटण असं सरकवलं की दार बंद. मला अक्षर येत नाही, पण दार लावणं येतं. चाळीस वर्षं या वाचनालयाची किल्ली माझ्याच कमरेला आहे.

बरं, मीच सरकवलं. हसू नकोस. मास्तर जुनी नोंदवही स्कॅन करणार, परत न आलेल्या पुस्तकांची नावं रविवारच्या सभेत वाचणार, मग घरोघर जाऊन पुस्तकं आणणार — आणि त्यात माझी बायको, भार्गवी आहे. एकोणतीस वर्षांपूर्वी तिनं एक खुनाची कादंबरी नेली. कर्कटक महिन्यात पाऊस धरून बसला, होडी बांधून ठेवली, की रोज थोडी मला मोठ्यानं वाचून दाखवते. आणि दरसाल खुनी वेगळा निघतो. गेल्या साली डॉक्टर होता, त्याआधी दूधवाला — तिचं भावाशी वाजलं त्या साली तर मेव्हणाच. पुस्तकात असं बदलतं का कधी? तिला वाटतं, या पप्पनच्या काही लक्षात येत नाही. मीही तसं दाखवत नाही. आता पुस्तक गेलं तर पावसात आम्ही दोघांनी काय करायचं, सांग.

हे काय घरघरलं? — सापडला? म्हणजे उघडलंस तू दार. असू दे, तुझं कामच ते. फक्त नोंदवहीची ती दोन पानं सोडून दे, चिकटलीयत. फणसाच्या चिकानं. कसा लागला ते विचारू नकोस.

कुठलं पुस्तक? अगं ते, बंगल्यात खून होतो, खिडकीत एक चप्पल सापडते — काय, तू वाचलंयस? मग खरा खुनी —

नको. नको, बोलू नकोस. ही दुसरी पळंपोरी घाल तोंडात. बोट लागली बघ धक्क्याला, नीघ तू.