खोक्यातली हवा

मंडळी, खोक्यात काय होतं, नीट मोजा! गोधडी – एक. कुंच्या – दोन. झबली – सहा. लाकडी खुळखुळा – एक. काट्यावर खोक्यासकट पाच किलो! आता सांगा – माणूस जड कशानं होतो? आत आहे त्यानं, की अडवलेल्या जागेनं?

ऐका! जयसिंगपूरची हौसाक्का मगदूम. लेक परदेशी, बर्फाच्या मुलखात. तिला मुलगी झाली! बारसं तोंडावर. सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी अक्कानं शिवली. त्याच गोधडीत बाळाला पाळण्यात घालायचं – घरची रीत! अक्का आणि तिचे यजमान तात्या, विमानानं माल पाठवणाऱ्या साळोख्यांच्या दुकानात आले. खोकं कसलं? जुन्या टीव्हीचं!

साळोख्यांनी टेप लावली. साठ, पन्नास, चाळीस सेंटीमीटर.

"अक्का, वीस किलो."

"काटा बिघडला काय वो? आत्ता पाच दाखवलं की!"

"काटा बरोबर आहे. पण विमानात जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची गुणायची, सहा हजारानं भागायचं. ते आणि काट्यावरचं – जे जास्त, त्याचे पैसे."

"म्हणजे हवेचं भाडं!" – तात्या.

हसू नका, बरोबरच आहे! विमान कापसानंच भरलं, तर बाकीच्यांचा माल कुठं ठेवायचा?

अक्काच्या बटव्यात पाच किलोपुरतेच पैसे! साळोखे म्हणाले, "गोधडी काढा. तीच फुगलीय."

"अवो, तीच तर पाठवायचीय!"

तात्या पुटपुटले, "लहान खोकं घे म्हणत होतो."

"आणि विहीणबाई काय म्हणतील? एवढ्याशा खोक्यात भागवलं?"

सापडलं, मंडळी! पाच किलो नातीचे. वरचे पंधरा – विहीणबाईंच्या नजरेचे!

अक्कानं पदर खोचला. दुकानातच गोधडी अंथरली, कुंच्या, झबली, खुळखुळा आत घातला, घट्ट घडी केली.

"बसा यावर!"

"मी?"

"मग विहीणबाई येणारेत?"

तात्या बसले! अक्कानं सुतळी आवळली. साळोख्यांनी लहान खोकं दिलं.

आणि आपण? देवळात येताना कुठल्या खोक्यातून येतो? मोठेपणा पसरून बसलोय! सरका जरा – खांबापाशी आजी उभ्या आहेत, त्यांना बसू द्या... हां.

तर साळोख्यांनी पुन्हा टेप लावली. पंचेचाळीस, तीस, वीस. भागिले सहा हजार – साडेचार किलो. काट्यावर – साडेचार किलो.