चादरीवरचा पुष्पगुच्छ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालकसाहेब. प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या बालविभागाच्या डॉक्टर मॅडम. या दोघांच्या मध्ये अवघडून बसलेल्या आमच्या मोठ्या सिस्टर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो. माझ्या सहकारी भगिनींनो. आणि आपापल्या लेकरांना सांभाळत इथवर आलेल्या आयांनो, बाबांनो, आज्यांनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी मघाशी माझ्या कानात सांगितलं, "थोडं बोल आणि गोड बोल." थोडं बोलायचा मी नक्की प्रयत्न करते.

आधी एक गोष्ट. संचालकसाहेबांना स्वागताचा पुष्पगुच्छ दिला, तेव्हा टेबलावर जागा नव्हती. साहेबांनी तो शेजारच्या स्टुलावर, त्या फुलाफुलांच्या चादरीवर ठेवला. कुणीतरी उचलायला धावलं, पण मीच नको म्हटलं. राहू दे तिथे. त्याच्याकडे नंतर येते.

मोठ्या सिस्टरांबद्दल आज पुष्कळ बोललं गेलं. सेवामूर्ती, त्यागमूर्ती. एवढ्या मूर्ती एकदम ऐकून सिस्टरांनी दोनदा चष्मा पुसला. मी त्यांच्या हाताखाली शिकले, त्यामुळे मला मूर्ती माहीत नाही, मला त्यांच्या चपला माहीत आहेत. आजारी मुलाच्या घराच्या दारात त्या चपला नेहमी भिंतीकडे सरकवून ठेवतात, घाईत पळणाऱ्या कुणाला अडखळायला नको म्हणून.

आमचं काम काय असतं, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही मुलांचा आजार असा असतो की तो बरा होत नाही, फक्त सांभाळायचा असतो. कुणाला नाकातल्या नळीतून भरवायचं, कुणाच्या गळ्यातली श्वासाची नळी साफ ठेवायची. हे सगळं घरी, आईच्या हातून होऊ शकतं. मात्र त्या आईच्या पाठीशी कुणीतरी जाणतं माणूस येत-जात राहिलं पाहिजे. ते माणूस म्हणजे आम्ही.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. पहिल्या घरी गेले तेव्हा हात धुऊन थेट मुलीकडे वळले. सिस्टरांनी मागून हाक मारली, "आधी आई."

"पण सिस्टर, पेशंट मुलगी आहे ना?"

"मुलीला मी बघते. तू तिच्या आईला आंघोळीला पाठव. दाराला कडी लावून, सावकाश."

ही सिस्टरांची पद्धत. नर्सबाई घरात आली की आधी आईची सुटका. ती आंघोळ करील, झोपेल, नाहीतर नुसती गॅलरीत उभी राहील. त्या घरातल्या आजी म्हणायच्या, "मी सासू असून सून मला बघून कधी पळाली नाही. या सिस्टर आल्या की पळते बघा, साबण घेऊन!"

त्या घरातल्या मुलीला सगळे 'बडबडी' म्हणतात. गळ्यात नळी असल्यामुळे तिच्या तोंडून आवाज निघत नाही, म्हणून बडबडी. हे नाव तिच्या आईनेच ठेवलं. "लोक कीव करायच्या आत आपणच थट्टा करून टाकावी," असं तिचं म्हणणं. पण नाव खोटं नाही. बडबडी टिचक्या वाजवते, डोळे फिरवते, चमचा आपटते. आणि नळीत कफ साठून श्वास अडायला लागला, की हाताला लागेल त्या लाकडावर टकटक करते. ती ऐकली की हातातलं काम टाकायचं आणि मशीन लावायचं. मशीन कफ ओढून घेतं. जुनं आहे, विजेवर चालतं आणि घरघरतं असं की शेजारी विचारतात, पीठ दळताय का?

आता संचालकसाहेब, तुम्ही मघाशी तुमच्या भाषणात म्हणालात, "आम्ही स्वतः एका घरी जाऊन पाहिलं. मुलगी हसत होती, आई प्रसन्न होती, आजींनी चहा दिला. घरपोच सेवेचं काम आता पूर्ण झालं आहे." टाळ्या पडल्या. ज्यांना यातलं मर्म कळलं नसेल, त्यांना सांगते. पुढच्या महिन्यापासून आम्ही कुणाच्याही घरी जाणार नाही. सिस्टरांच्या जागी नवं माणूस येणार नाही. मला वॉर्डात बदली मिळाली आहे. ज्या मुलांना मशीन लागतं, त्यांना वॉर्डात आणून ठेवावं, बाकीच्यांनी फोन करावा, असं ठरलं आहे.

तुम्ही पाहिलेलं ते घर बडबडीचं होतं.

तुम्ही येणार म्हणून तिच्या आईने भांडी घासली, पडदे धुतले, मुलीला चांगला फ्रॉक घातला. गळ्याभोवती रुमाल बांधला, नळी दिसू नये म्हणून. आणि मशीनवर चादर टाकली. मी म्हटलं, "अहो वहिनी, तेच तर बघायला येताहेत!" त्यावर आजी माझ्यावरच उखडल्या, "पाहुण्यांना काय नळ्या दाखवायच्या का? आम्हालाही लाज-अब्रू आहे." आई काही रागावली नाही. ती सिस्टरांना एवढंच म्हणाली, "सिस्टर, एक दिवस तरी माझं घर घरासारखं दिसू द्या."

चारचौघांत काही काढणार नाही, असा सिस्टरांनी तिला शब्द दिला. मुलीची नळी त्यांनी तुम्ही यायच्या जरा आधी साफ करून ठेवली होती, म्हणून ती हसत होती, साहेब. आईची झोप झाली होती, म्हणून ती प्रसन्न होती. तुम्ही पाहिलंत ते खोटं नव्हतं. आमचं सगळं काम तुमच्यासमोर बसलं होतं, पण ते इतकं नीट झालं होतं की तुम्हाला दिसलंच नाही. भाजी उत्तम झाली म्हणून कुणी चूल विझवतं का?

मॅडम, साहेबांबरोबर तुम्हीही होतात, आणि तुम्ही तर डॉक्टर. गळ्यातला रुमाल पाहून तुम्ही म्हणालात, "अरे वा, फॅशन!"

आणि साहेब, तुम्ही आणलेला पुष्पगुच्छ कुठे ठेवलात, आठवतं? त्या चादरीवर. खाली काय आहे, हे विचारावंसं कुणालाच वाटलं नाही. तुमचा चहा संपत आला, तेव्हा बडबडीने खुर्चीच्या हातावर टकटक केली. तुम्हाला वाटलं, खेळतेय. तुम्हीही कौतुकाने टेबलावर टकटक करून उत्तर दिलंत. तिने पुन्हा केली, तुम्ही पुन्हा केलीत. तिच्या आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त नजर सारखी चादरीकडे जात होती. शेवटी सिस्टर उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला उशीर होत असेल," आणि तुम्हाला अक्षरशः दाराबाहेर काढलं. दार लागायच्या आत चादर जमिनीवर होती आणि तुमची फुलंही.

जिन्यात मी सिस्टरांवर चिडले. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"आपण त्यांच्या घरात पाहुण्या आहोत गं," त्या म्हणाल्या. "पाहुण्याने यजमानाची चादर ओढू नये. साहेबांना मी ऑफिसात जाऊन सांगेन."

त्या गेल्या, साहेब. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "सिस्टर, तुमची तळमळ कळते, पण आम्ही डोळ्यांनी पाहिलंय." बरोबरच आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला कोण काय सांगणार?

वॉर्डात ठेवा म्हणता. बडबडी वॉर्डात राहून आलेली आहे. तिथले कठडे लोखंडी. ती त्यावर टकटक करायची आणि आवाज खणखणीत यायचा. बाकीच्या मुलांची झोप मोडते म्हणून कुणीतरी त्या कठड्याला टॉवेल गुंडाळला. मी कुणाला दोष देत नाही. तिथे माणसं कमी, मुलं जास्त, आणि भेटीची वेळ संपली की आई बाहेर. काही दिवसांनी बडबडीने टकटक करणंच सोडलं. वॉर्डात सगळे म्हणाले, किती शहाणी झाली! घरी आल्यावर तिला पुन्हा टकटक करायला शिकवावं लागलं. आजींनी आणि सिस्टरांनी तिच्याबरोबर लाटणी आपटली. आवाज केला तर कुणीतरी येतं, यावर त्या मुलीचा विश्वास पुन्हा बसवायचा होता. आता तिला तिथेच परत न्यायचं आहे.

हे मी आज का बोलते आहे? सिस्टर बोलणार नाहीत, त्यांनी शब्द पाळलाय. पण काल बडबडीची आई माझ्याकडे आली. म्हणाली, "झाकलं मी. मला चारचौघांत बोलता येणार नाही. तू शिकलेली आहेस, तूच उघड."

ती इथेच आहे. पहिल्या रांगेच्या टोकाला, मुलीला मांडीवर घेऊन. सिस्टरांना निरोप द्यायला यायचं, तर मुलीला सोडणार कुणाजवळ? आणि मुलगी आली म्हणजे मशीन आलं. या सभागृहात चालू असलेला प्लग एकच, व्यासपीठाजवळचा. म्हणून मशीन तिथे, स्टुलावर आहे. समारंभाला बरं दिसावं म्हणून तिने त्यावर घरची चादर टाकली आहे. सवय, दुसरं काय.

सिस्टर, तुम्हाला निवृत्तीबद्दल शुभेच्छा द्यायच्या होत्या. पण जीभ रेटत नाही. तुम्ही दमला आहात, घरी जा, विश्रांती घ्या, हे मनापासून. तुम्ही शिकवलेलं मात्र कुणाच्या दारात वापरायचं, हे मला सांगून जा. कारण ती दारं आम्हाला बंद होताहेत, आणि आतून कुणी बंद केलेली नाहीत.

आयोजकांचे आणि मला बोलू देणाऱ्या सगळ्यांचे…

थांबा. ऐकू आलं का? खुर्चीच्या हातावर. हो, तीच.

वहिनी, बसून राहा, मी येते. साहेब, या वेळी टेबल वाजवून उत्तर देऊ नका. फक्त तो पुष्पगुच्छ उचला. चादर मी काढते. ही जागा आपल्या रुग्णालयाची आहे, इथे पाहुणे ते आहेत, त्यामुळे सिस्टरांचा नियम मोडत नाही.

आता मोठा आवाज होईल. कानांना त्रास होईल, कार्यक्रमाचा बेरंग होईल. तेवढं पोटात घाला. बाकी माझं काही चुकलं असेल, तर मशीन बंद झाल्यावर सांगा. मी इथेच आहे. धन्यवाद.