टाकावरची नजर

कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण छप्पन्न साली रेवसच्या धक्क्यावर लॉन्चची वाट बघताना माझ्यासारखा माणूस सबंध तासभर तोंड मिटून बसला होता. पुढ्यात दोघी कोळणी होत्या, म्हातारी जनी आणि तिची सून केसर. वादळ होऊन दोन दिवस झाले होते आणि केसरचा नवरा सदा अजून दर्यातच होता. केसरच्या तळहातावर देव्हाऱ्यातला खंडोबाचा चांदीचा टाक होता. जनीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून नजर सुनेनं लावायची होती.

"नजर हालवू नको, पोरी. देवावरची नजर ढळली की होडी भरकटते."

"न्हाय हालवत, आई."

"पापनी?"

"पापनी तरी लवू द्या."

"कमी लवव. सदाच्या बापासाठी मी तीन दिस अशी बसलेली. काय दिसतं?"

"देव दिसतो."

"देव सगल्यांनाच दिसतो. नीट सांग."

"घोडा हाय. घोड्यावर देव हाय, हातात तलवार हाय."

"मान वर केलीस?"

"न्हाय."

"मग आवाज लांब का जातो तुझा?"

"वारा हाय, आई."

"घोड्याच्या पायाशी काय हाय?"

"कुत्रा हाय. खंडोबाचा कुत्रा."

"तो कुत्रा चिंचेनं घासून घासून माझ्या सासूच्या वक्तालाच झिजून गेला. तू दर्या बघतेस, केसर. आता बघतेसच तर सांग, आपलं शीड दिसतं का?"